बायकांच्या हृदयाचं पथ्य: सल्ला आला कुठून?

1964 साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात हृदयविकारावर खास बायकांसाठी परिषद भरली. जवळपास 10 हजार बायका जमल्या. परिषदेचं नाव होतं 'हार्ट्स अँड हजबंड्स'. नवऱ्याला झटका येऊ नये म्हणून त्याचं खाणंपिणं कसं सांभाळायचं, हे शिकायला त्यांना बोलावलं होतं. त्यांच्या स्वतःच्या हृदयासाठी ती परिषद नव्हतीच.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. माझ्या वडिलांची बायपास झाली तेव्हा आईने त्यांच्यासाठी वेगळी छोटी कढई काढली. त्यांची भाजी मोजून एक चमचा तेलाची. ती स्वतः सगळ्यांच्या मागून जेवायला बसायची आणि मोठ्या कढईच्या तळाशी राहिलेला तेलाचा तवंग पोळीने पुसून घ्यायची. "टाकायचं कशाला?" बीपीची गोळी तिलाही चालू होती.

संशोधनाची सुरुवात खरं तर चांगली झाली होती. 1948 साली मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात 5,209 माणसांची पाहणी सुरू झाली, त्यात निम्म्याहून जास्त बायका होत्या. बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध तिथेच स्पष्ट होत गेला. पण बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा साधारण दहा वर्षं उशिरा गाठतो, हेही दिसलं. 'उशिरा' होतो याचा अर्थ पुढे 'होत नाही' असाच घेतला गेला. 1970 च्या दशकात आहार, बीपी आणि धूम्रपान यांवर झालेल्या मोठ्या चाचणीत 12,866 जण होते, सगळे पुरुष. अ‍ॅस्पिरिनच्या गोळीने झटका टळतो का, हे पाहणाऱ्या गाजलेल्या चाचणीतले 22,071 डॉक्टरही पुरुषच.

चित्र बदललं ते नर्सेसमुळे. 1976 साली बोस्टनमध्ये फ्रँक स्पायझर यांनी गर्भनिरोधक गोळ्यांचे दूरगामी परिणाम पाहण्यासाठी 1,21,700 नर्सेसना सामील करून घेतलं. आजाराची माहिती त्या नेमकी लिहितील, हा हिशोब. दर दोन वर्षांनी पोस्टाने प्रश्नावली जायची आणि ड्यूटी, घर, मुलं सांभाळून त्या ती भरायच्या. 1980 पासून रोजच्या खाण्याचे प्रश्न आले. पुढे साठ हजारांहून जास्त जणींनी पायाच्या नखांची कात्रणं पाकिटात घालून पाठवली, हजारोंनी रक्ताचे नमुने दिले. आज डॉक्टर बायकांना जे चार शब्द सांगतात, त्यामागे या नर्सेसची चिकाटी आहे, आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

त्यातून 1999 साली कळलं की आठवड्याला तीन तास किंवा जास्त झपझप चालणाऱ्या बायकांना धोका जवळपास एक तृतीयांशाने कमी असतो. 2000 साली 84,129 जणींच्या 14 वर्षांच्या नोंदी मांडल्या गेल्या. सिगारेट नाही, वजन आटोक्यात, रोज अर्धा तास व्यायाम, चांगला आहार आणि थोडंसं मद्य, असं सगळं जुळणाऱ्या बायका जेमतेम 3 टक्के. त्यांचा धोका मात्र बाकीच्यांपेक्षा 80 टक्क्यांहून अधिक कमी होता. (मद्याच्या फायद्यावर नंतर बरेच प्रश्न उठले. न पिणाऱ्या बाईने त्यासाठी सुरुवात मुळीच करू नये.)

याच नर्सेसच्या नोंदींवरून पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या हृदय राखतात, असंही वाटलं होतं. ते मात्र चाचणीत टिकलं नाही. 1991 मध्ये बर्नाडीन हीली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या आणि त्यांनी बायकांवरच्या मोठ्या अभ्यासाचा पाया घातला. त्यातल्या 16,608 जणींवरची दोन हार्मोन एकत्र असलेल्या गोळीची चाचणी जुलै 2002 मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. स्तनाचा कर्करोग वाढला होता, आणि हृदयाचे झटकेही कमी व्हायच्या ऐवजी वाढले होते. गोळीचा सोपा रस्ता बंद झाला, राहिलं ते चालणं आणि ताट.

2004 साली 52 देशांतल्या पाहणीत दिसलं की पहिल्या झटक्यामागचा बायकांमधला 94 टक्के धोका नऊ गोष्टींशी जोडता येतो: तंबाखू, बीपी, साखर, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, ताण, फळं-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्य (त्याचा संबंध मात्र इथेही कमी धोक्याशीच दिसला). भारतीय उपखंडातल्या लोकांना हा झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, हेही त्याच अभ्यासातून पुढे आलं.

ही यादी आपल्याकडे जशीच्या तशी वाचून चालत नाही. "सिगारेट ओढता का?" म्हटलं की गावाकडची बाई हसून नाही म्हणते. पण तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, चुरून डबीत भरलेली मशेरी सकाळी हिरड्यांना लावल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. तो प्रश्न वेगळा विचारावा लागतो. चुलीच्या धुराचाही.

2011 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने बायकांसाठीच्या सूचनांमध्ये गरोदरपणातलं वाढलेलं बीपी आणि गरोदरपणातली साखर हीसुद्धा हृदयाच्या धोक्याची खूण मानली. अशा बाईने तिशीतच वजन, मीठ, चालणं यांकडे लक्ष द्यायचं, पन्नाशीची वाट पाहायची नाही. माझ्या वेळी आईचं बीपी इतकं वाढलं होतं की तिला पंधरा दिवस आधी दाखल केलं होतं. नंतरच्या तीस वर्षांत कुठल्याही डॉक्टरांनी तिला ते विचारलं नाही, आणि ते सांगायला हवं हे तिलाही कधी कळलं नाही.