तुटलेला अँगल कॉक आणि डोक्यावरचे पंधरा मीटर पाणी

गेल्या पावसाळ्यात एका रात्री अडीचच्या सुमारास आमच्या न्हाणीघरातून मोठा फवारा उडाल्यासारखा आवाज आला. वॉश बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे बेसिनला जाणारे पाणी भिंतीपाशी बंद करणारी छोटी तोटी, भिंतीतल्या आट्यांपाशीच तुटून पडला होता आणि अर्ध्या इंची पाइपच्या उघड्या तोंडातून पाणी समोरच्या टाइल्सवर आदळत होते. हाताशी असलेली पंधरा लिटरची बादली मी त्या धारेखाली धरली, ती जेमतेम अर्ध्या मिनिटात भरली. त्यानंतरची जवळजवळ पंचवीस मिनिटे आम्ही पाणी उपसण्यात, प्लंबरला फोन करण्यात आणि गच्चीची किल्ली शोधण्यात घालवली. त्यांतली वीस मिनिटे वाया गेली, हे दुसऱ्या दिवशी शांतपणे विचार केल्यावर लक्षात आले. अशा प्रसंगी पाण्यामागे लागून उपयोग नसतो. पाण्याला जोर कुठून मिळतो, ते ठाऊक असावे लागते.

आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत नळाच्या पाण्याचा जोर गच्चीवरच्या टाकीच्या उंचीतून येतो. महापालिकेचे पाणी ठरावीक वेळी तळाच्या टाकीत पडते, तिथून पंप ते गच्चीवर चढवतो, आणि मग पाणी स्वतःच्या वजनाने घराघरांत उतरते. पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब देतो. आमचे घर सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे, म्हणजे टाकी आमच्या बेसिनच्या साधारण पंधरा मीटर वर आणि दाब दीड किलोच्या आसपास. इव्हांजेलिस्टा टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडलेल्या नियमाप्रमाणे एवढ्या उंचीवरून येणारे पाणी कोणतीही अडवणूक नसेल तर सेकंदाला सतरा मीटर वेगाने बाहेर पडेल. प्रत्यक्षात कोपरे, जोड आणि अरुंद पाइप यांच्या घर्षणात त्यातला बराच जोर खर्ची पडतो, त्यामुळे आमच्याकडे मिनिटाला तीस लिटरच पाणी येत होते. पण हे ‘च’ फसवे आहे. एक चौरस मीटर फरशीवर एक लिटर पाणी पसरले की एक मिलिमीटरचा थर होतो. दहा चौरस मीटरच्या खोलीत मिनिटाला तीस लिटर म्हणजे दर मिनिटाला तीन मिलिमीटर, आणि दहा मिनिटांत तीन सेंटिमीटर. न्हाणीघराचा उंबरा बहुधा त्याहून बुटका असतो.

म्हणूनच पाणी उपसण्याच्या आधी तीन कामे करावी लागतात, आणि त्यांतले पहिले काम पाण्याचे नाही, विजेचे आहे. अगदी शुद्ध पाणी विजेचे वाईट वाहक असते, पण नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात आणि ओली त्वचा विजेला फारसा अडथळा करत नाही. ज्या खोलीत पाणी साचले आहे तिथल्या बोर्डाला हात न लावता दाराजवळचा किंवा जिन्यातला मुख्य स्विच, कोरड्या जमिनीवर उभे राहून, बंद करावा. तिथे पोचायला पाण्यातूनच जावे लागणार असेल आणि पाणी खालच्या प्लग-पॉइंटपर्यंत चढले असेल, तर त्या खोलीत पाऊल न टाकता इमारतीच्या मीटरच्या खोलीतून वीज तोडावी. तीस मिलिअँपिअरची गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी घरात असेल तर तो मोठा आधार आहे, पण त्याच्या भरवशावर ओल्या पायाने बोर्ड हाताळू नये.

गीझर याच वेळी बंद झाला पाहिजे. पंधरा लिटरच्या टाकीतले पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापले की साधारण दीड टक्का, म्हणजे जवळजवळ पाव लिटर फुगते. वाढलेल्या या पाण्याला मागे पाइपात सरकता आले नाही, तर ते सेफ्टी व्हॉल्वमधून थेंब थेंब बाहेर पडते, आणि ते योग्यच आहे. अशा थेंबांमुळे वैतागून कोणी ते तोंड बुजवत असेल तर त्याला जरूर अडवावे, कारण एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती साध्या दाबाखाली सोळाशे लिटरहून अधिक जागा मागते. शिवाय पाइप फुटल्यावर गीझरमधले पाणी उलटे वाहून टाकी रिकामी झाली आणि वीज चालू राहिली, तर उघडी पडलेली कॉइल जळते.

दुसरे काम पाणी तोडण्याचे. बेसिन, कमोड किंवा गीझरला जाणारा लवचीक कनेक्शन पाइप फुटला असेल तर त्याच्या मुळाशी असलेला अँगल कॉक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की संकट तिथेच संपते. आमचा कॉकच तुटल्यामुळे माळ्यावरचा, अख्ख्या न्हाणीघराचा गेट व्हॉल्व हा पुढचा पर्याय होता. तो अकरा वर्षांत कोणी फिरवला नव्हता. मी जोर लावला तेव्हा चाक गरगर फिरू लागले आणि पाणी तसेच वाहत राहिले, कारण पाणी अडवणारी आतली पाचर चाकाच्या दांड्यापासून सुटली होती. अडकलेल्या व्हॉल्ववर पान्याने आणखी जोर लावणे धोक्याचे आहे, कारण तो तुटला तर एका गळतीच्या दोन होतात. मग राहतो गच्चीवरचा व्हॉल्व. टाकीपासून खाली उतरणाऱ्या प्रत्येक उभ्या पाइपवर, ज्याला प्लंबर डाउनटेक म्हणतात, तो असतो. आमच्या गच्चीवर असे सहा व्हॉल्व ओळीने होते आणि एकावरही कोणत्या घरांचा, कोणत्या न्हाणीघराचा, हे लिहिलेले नव्हते. पावसात, बॅटरीच्या उजेडात वॉचमनने एकेक बंद करायचा आणि मी खालून फोनवर ‘अजून येतंय’ म्हणायचे, असे चौथ्या व्हॉल्वपर्यंत चालले. सोसायटीच्या बैठकांत रंगरंगोटीवर तासन्‌तास चर्चा होते, पण या सहा व्हॉल्ववर ऑइलपेंटने सहा आकडे घालायला अर्धा तासही लागत नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

उंच नव्या इमारतींत टाकीऐवजी प्रेशर पंप थेट नळांना पाणी पुरवत असेल, तर व्हॉल्वबरोबर त्याचा स्विचही बंद करावा.

व्हॉल्व बंद करताना तो झटक्याने बंद करू नये. वाहते पाणी म्हणजे पाइपात धावणारे वजन, आणि ते एकदम थांबवले की त्याचा वेग दाबाच्या लाटेत बदलतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यासाठी १८९७-९८ मध्ये केलेल्या प्रयोगांतून याचे गणित बांधले. धातूच्या पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरने अचानक कमी झाला तर दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे बारा किलोने उसळू शकतो. प्लास्टिकचा पाइप थोडा फुगतो, म्हणून तिथे ही उसळी बरीच कमी असते. पाव फेऱ्यात बंद होणारा बॉल व्हॉल्व दोन-तीन सेकंद घेऊन सावकाश फिरवला तरी लाटेला विरायला पुरेसा वेळ मिळतो.

तिसरे काम फारसे कोणी करत नाही, पण माझ्या मते गच्चीवर माणूस पोचेपर्यंत याच्याइतके उपयोगी काही नाही. त्याच उभ्या पाइपवरचे बाकीचे नळ, शक्यतो खालच्या मजल्यांवरचे, पूर्ण उघडावेत. वरून येणाऱ्या पाइपातून जितके जास्त पाणी धावते तितके घर्षणात अधिक दाब खर्च होतो आणि फुटलेल्या जागी कमी उरतो; शिवाय येणारे पाणी वाटले जाते आणि दुसऱ्या नळांतून सरळ मोरीत जाते. व्हॉल्व बंद झाल्यावरही उभ्या पाइपात पाणी उरतेच. एक इंची पाइपात दर मीटरला साधारण अर्धा लिटर, म्हणजे पंधरा मीटरमध्ये सात-आठ लिटर. तेवढे निघून जाईपर्यंत धार चालू राहिली म्हणून व्हॉल्व चुकला असे समजू नये. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका झोपेतून उठून आले आणि त्यांनी न सांगता न्हाणीघराचे दोन्ही नळ सोडले, तेव्हा आमच्याकडची धार डोळ्यांदेखत खाली झुकली.

दरम्यान तोंड बुजवता येते का? येते, आणि त्यासाठी ताकद लागत नाही. अर्ध्या इंची पाइपच्या तोंडाचे क्षेत्रफळ पावणेदोन चौरस सेंटिमीटर आहे. त्यावर दीड किलो दाब म्हणजे एकूण रेटा अडीच किलोंच्या जरासा वर, जो अंगठ्यानेही पेलतो. जुन्या सुती धोतराची चिंधी लाकडी काठीच्या निमुळत्या टोकावर घट्ट गुंडाळून ती तोंडात पिळत बसवावी. सूत आणि लाकूड दोन्ही भिजून फुगतात आणि बूच आणखी आवळते. पाइप मधेच चिरला असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून, चिरेच्या अलीकडून पलीकडपर्यंत, एकावर एक वेढे देत गुंडाळावी. ताणलेले रबर आकसू पाहते आणि प्रत्येक वेढ्यागणिक आतल्या दाबाला तोंड देणारी पकड वाढत जाते. एम-सीलसारखी पुटी मात्र वाहत्या पाण्यावर लावून उपयोग नाही. पाण्याच्या थरामुळे ती धातूला धरतच नाही. ती पाइप कोरडा झाल्यावरची गोष्ट आहे.

फरशीवरच्या पाण्याला वाट द्यायला नहाणी ट्रॅपवरची, म्हणजे फरशीतल्या मोरीच्या तोंडावरची जाळी उचलून तिच्यात अडकलेले केस काढावेत आणि उंबऱ्याशी गोधडी किंवा सतरंजी गुंडाळून लावावी. खालच्या घरात पीओपीच्या छताला फुगवटा आला असेल तर त्याखाली कोणी उभे राहू नये. एक चौरस मीटर छतावर पाच सेंटिमीटर पाणी साचले तर ते पन्नास किलो भरते. तिथला पंखा आणि दिवे बंद करून, बाजूला उभे राहून, लांब कोरड्या लाकडी काठीने कडेला भोक पाडावे आणि खाली घमेले ठेवावे.

सांडपाणी उलटे चढत असेल तर तो वेगळा प्रकार आहे, पण नियम तोच: आधी उगम थांबवायचा. तुंबलेल्या उभ्या पाइपात वरच्या सगळ्या मजल्यांचे पाणी येत असते, म्हणून वरच्या घरांना नळ आणि फ्लश न वापरण्याची विनंती करावी. घाईत टॉयलेट क्लीनरचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

सकाळी प्लंबरने भिंतीतला उरलेला तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. बाहेरून क्रोमची चकाकी शाबूत होती, पण तुटलेल्या कडेचा रंग पितळेचा पिवळा नव्हता, तांबूस होता, आणि नखाने खरवडले तर कण सुटत होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. काही प्रकारच्या पाण्यात वर्षानुवर्षे त्यातले जस्त विरघळून जाते आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबे उरते. त्यात कॉक बसवताना पान्याने गरजेपेक्षा जास्त आवळला असेल तर आट्यांच्या मुळाशी ताण कायमचा राहतो. अशा कॉकला तुटायला कोणाचा धक्का लागावा लागत नाही. त्याच दिवशी आम्ही घरातले बाकीचे सात कॉक तपासले; त्यांतल्या दोन कॉकच्या आट्यांपाशी पांढरा-हिरवट क्षार जमला होता, ते बदलून घेतले. माळ्यावर गेट व्हॉल्वच्या जागी बॉल व्हॉल्व बसवला. आता दर दोन-तीन महिन्यांनी सगळे व्हॉल्व एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडतो, म्हणजे क्षार साचून ते जाम होत नाहीत.

दुरुस्तीनंतर पाणी सोडतानाही सावकाशच सोडावे. रिकाम्या पाइपात हवा भरलेली असते आणि ती उंचवट्यांवर अडकली तर नळाला पाणीच येत नाही किंवा ते खोकल्यासारखे धक्के देत येते. म्हणून घरातला सर्वांत उंचावरचा नळ आधी उघडा ठेवून गच्चीवरचा व्हॉल्व थोडासाच सोडावा, हवा फुसफुसत निघून सलग धार लागली की मगच पूर्ण उघडावा. सुरुवातीचे गढूळ पाणी बादलीत धरून फरशी धुवायला वापरावे, पिण्यासाठी घेऊ नये. गीझरच्या गरम नळातून सलग पाणी आल्याशिवाय त्याचा स्विच लावू नये. आणि नव्या जोडाखाली रात्रभर वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेवावा: डोळ्याला न दिसणारा एखादा थेंबही कागदावर सकाळी डाग होऊन दिसतो.