बाहुलीने आधी डोळे वळवावेत

‘आता रोबोच गुरुजी!’ ही बातमी वाचून परभणीकडचे एक शिक्षक मला म्हणाले, “सर, आपल्या शाळेला असला रोबो कधी परवडायचा?” लाखोंचा यंत्रमानव म्हटला तर कधीच नाही. पण लेकरांशी गट्टी जमवायला हातपाय लागतात कुठे? जपानच्या हिदेकी कोझिमा यांचा ‘कीपॉन’ म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन पिवळे रबरी गोळे, दोन डोळे आणि नाक. आत मोटरी फक्त चार. तरी लेकरं, त्यात स्वमग्न मुलंही, त्याच्याशी रमतात.

म्हणून आम्हीही मान आणि डोळे फिरवणारी साधी बाहुली करायला घेतली. बाजारात शंभर-दीडशे रुपयांना ९ ग्रॅमची सर्व्हो मोटर, म्हणजे सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी मोटर, मिळते. तिला दर २० मिलिसेकंदांनी विजेचा एक ठोका द्यायचा. तो साधारण १ मिलिसेकंद टिकला तर मोटरीवरचं पातं एका टोकाला, २ टिकला तर दुसऱ्या, दीड टिकला तर मधोमध. पातं कुठवर आलं हे आतला पोटेन्शिओमीटर (फिरेल तसा विजेला होणारा विरोध बदलणारा भाग) सांगत राहतो, आणि ‘आहे कुठे’ व ‘जायचंय कुठे’ यातला फरक मिटेपर्यंत मोटर फिरते.

फिरते मात्र झटक्यात. गोधडीच्या तुकड्यांचं अंगडं घातलेल्या आमच्या पहिल्या बाहुलीनं खटकन मान फिरवली आणि समोरची पोरगी गुरुजींच्या मागं दडली. मग ६० अंशांचं वळण आम्ही ५० ठोक्यांत, म्हणजे एका सेकंदात वाटून दिलं. सारखं नव्हे, कोसाइनच्या वक्रानं: सुरुवातीचे आणि शेवटचे तुकडे जेमतेम, मधले पावणेदोन अंशांच्या वर. शिवाय डोळे आधी, मान किंचित मागून. माणूस असाच वळून बघतो. या वेळी तीच पोरगी पुढं आली आणि बाहुली बघत होती तिकडं बघू लागली.

एक आजी म्हणाल्या, “अगं माय, हिच्या अंगात आलंय!” मी पाठ उसवून मोटर त्यांच्या हातात दिली. आजींना कुणी हसू नये. २०१७ साली सौदी अरेबियानं ‘सोफिया’ या माणसासारखा चेहरा असलेल्या रोबोला नागरिकत्व दिलं, तेव्हा आत कुणीतरी आहे असं काही शिकलेल्यांनाही वाटलं असेल.

लाइटीचा भरवसा नाही, म्हणून बाहुली पॉवर बँकेवर चालते. बऱ्याच पॉवर बँका वीज फार कमी ओढली गेली की आपोआप बंद होतात. त्यामुळे ती दर काही सेकंदांनी उगाच थोडी मान हलवते. लेकरं म्हणतात, ती कंटाळली, तिच्याशी बोला.