शिकलेल्यांना मुलं कमी, म्हणून पुढची पिढी मठ्ठ?

दादर-गिरगावातल्या गप्पांत हे हमखास ऐकू येतं: शिकलेल्यांना एकच मूल, झोपडपट्टीत पाच-पाच, म्हणजे समाजाची बुद्धी घसरणार. मुळात ‘पाच-पाच’ हाच जुना हिशेब झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यात बाईमागे सरासरी २.६ मुलं, सर्वांत श्रीमंत हिश्श्यात १.६. महाराष्ट्राची सरासरी १.७.

उरलेला फरक बुद्धीच्या खाती टाकता येत नाही. मुलीचं शिक्षण, लग्नाचं वय, मूल जगेल की नाही ही धास्ती आणि गर्भनिरोधनाची साधनं हाताशी असणं, यावर तो ठरतो. गिरणगावात सहा मुलं वाढवणाऱ्या आजीची नात आज एकावर थांबते. दोन पिढ्यांत रक्त थोडंच बदललं? (पाळणाघराची फी आणि घरभाडं हेही कारण आहेच, ते कुणी बोलत नाही.)

विसाव्या शतकात कितीतरी देशांत गरिबाघरी मुलं जास्त होती. तरीही बुद्ध्यांक चाचण्यांतले सरासरी गुण दर दशकाला सुमारे तीनने वाढत गेले. आहार आणि शाळा सुधारल्या, हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं.