सातबारा एकीकडे, वारसा दुसरीकडे

मराठीतला 'वारसा' हा शब्द मोठा फसवा आहे. तलाठ्याकडे वारसनोंदीला गेलात तर तो जमिनीचा, आणि अजिंठ्याच्या पाटीवर वाचलात तर तो संस्कृतीचा. ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल लोकांच्या बातम्या वाचताना आपला नेमका हाच घोळ होतो. अमुक समाजाचं 'नेटिव्ह टायटल' मान्य झालं असं वाचलं की वाटतं, चला, आता त्यांच्या गुहा, कातळचित्रं, पवित्र जागा त्यांच्या हातात आल्या. तसं होत नाही. नेटिव्ह टायटल, म्हणजे जमिनीवरचा परंपरागत हक्क, हा एक कागद आहे, आणि तिथल्या वारशाचं काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार हा दुसरा. कायदे वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, सही करणारा माणूसही वेगळा. २०२० साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या प्राचीन कातळनिवाऱ्यांत सुरुंग उडाला तो या दोन कागदांच्या मधल्या फटीत.

आधी पहिला कागद. इंग्रज आले तेव्हा हा भूभाग कायद्याच्या नजरेत कुणाचाच नव्हता, हा समज ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ जून १९९२ रोजी मोडीत काढला. दावा होता टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटावरच्या एडी कोइकी माबो आणि त्यांच्या सोबत्यांचा. माबो स्वतः त्याच वर्षी जानेवारीत वारले, निकाल त्यांनी पाहिला नाही. पुढच्या वर्षी नेटिव्ह टायटलचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९९४ पासून तो लागू झाला.

हा हक्क सरकार 'देत' नाही. तो आधीपासून होताच, न्यायालय फक्त मान्य करतं. पण मान्य करवून घेणं सोपं नाही. इंग्रजांनी सत्ता स्थापन केली त्या दिवसापासून आजपर्यंत आपल्या समाजाचे रीतिरिवाज आणि जमिनीशी नातं अखंड टिकलंय, हे दावेदारांनी दाखवायचं. ज्यांना मिशनऱ्यांच्या वसाहतींत कोंडलं, ज्यांची भाषा तोडली, त्यांनीच परंपरा तुटली नसल्याचा पुरावा आणायचा! मरे नदीकाठच्या योर्टा योर्टा लोकांचा दावा याच अटीवर २००२ साली कायमचा फेटाळला गेला.

आपल्या ओळखीच्या भाषेत सांगायचं तर नेटिव्ह टायटल बहुतेक ठिकाणी सातबाऱ्याच्या मालकी सदरात बसत नाही, 'इतर हक्क' सदरात बसतं. शिकार, मासेमारी, विधी, वाटेचा हक्क असं त्याचं स्वरूप. त्याच जमिनीवर एखाद्या गुरेवाल्याचा सरकारी भाडेपट्टाही चालू असतो, आणि दोघांत वाद झाला तर पट्टेवाल्याचं वरचढ ठरतं. खासगी मालकीची जमीन झाली असेल तर नेटिव्ह टायटल बुडालंच. उपमा फार ताणू नये, कारण दूरच्या वाळवंटी भागात काही समाजांचा संपूर्ण, इतरांना मज्जाव करता येणारा हक्कही मान्य झालेला आहे. पण तिथेही खाण येणार असेल तर मिळतो तो वाटाघाटीचा अधिकार. सहा महिन्यांत जमलं नाही तर प्रकरण लवादाकडे जातं. 'नाही' म्हणण्याचा अधिकार त्यात नाही. ओडिशातल्या नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी २०१३ साली 'नाही' म्हटलं आणि बॉक्साइटची खाण अडली. तसं साधं 'नाही' नेटिव्ह टायटलवाल्यांच्या हाती नसतं.

मग लोकांचा गोंधळ का होतो? कारण पहिल्या कागदाचा पुरावा दुसऱ्या कागदातून येतो. जमीन आपली हे सिद्ध करायला गाणी, पाणवठ्यांच्या कथा, नाच, चित्रं हेच दस्तऐवज. वायव्येकडच्या ग्रेट सँडी वाळवंटातल्या न्गुरारा लोकांनी १९९७ साली पिरनिनी नावाच्या जागी आठ मीटर बाय दहा मीटरचं एक प्रचंड कापड रंगवलं. त्यावर त्यांच्या मुलखातले पाणवठे, प्रत्येक कुटुंबाने आपापला रंगवलेला. लवादापुढे साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा माणसं त्या कापडावर आपापल्या पाणवठ्यावर जाऊन उभी राहिली आणि तिथून बोलली. २००७ साली त्यांचा हक्क मान्य झाला. हे वाचून कुणालाही वाटेल की वारसा आणि जमीन एकच. त्यांच्या दृष्टीने ते एकच आहेत. दोन केले ते कायद्याने.

आता दुसरा कागद. वारसा-संरक्षण हा मुख्यतः राज्यांचा विषय, त्यामुळे दर राज्यात वेगळी तऱ्हा. केंद्राचा १९८४ चा एक कायदा आहे, पण तो अगदी शेवटचा उपाय म्हणून मंत्र्याकडे धाव घ्यायला. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा कायदा १९७२ चा, म्हणजे माबो निकालाच्या वीस वर्षं आधीचा. तेव्हा नेटिव्ह टायटल ही चीज कायद्याला माहीतच नव्हती. या कायद्याचं १७ वं कलम म्हणतं की ॲबोरिजिनल स्थळाची मोडतोड हा गुन्हा. लगेच पुढचं १८ वं कलम म्हणतं की जमिनीच्या 'मालकाने' अर्ज केला, समितीने शिफारस केली आणि मंत्र्याने संमती दिली तर मोडता येईल. आता हा मालक कोण? व्याख्येत खाणपट्टा घेतलेली कंपनी बसते. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली माणसं बसत नाहीत. कंपनीला निर्णय पटला नाही तर अपील करता येई, ॲबोरिजिनल समाजाला येत नसे. मला विचाराल तर सगळं प्रकरण या एका व्याख्येत आहे, बाकी तपशील.

पण तपशीलही पाहण्यासारखा आहे. पिलबरा हा पश्चिम ऑस्ट्रेलियाचा लोहखनिजाचा लालबुंद मुलूख. तिथे जूकन घळीत दोन कातळनिवारे होते. जूकन हे पुटू कुंती कुरामा आणि पिनिकुरा समाजाच्या एका पूर्वजाचं नाव. शेजारी रिओ टिंटो कंपनीची ब्रॉकमन-४ खाण. २०११ साली समाजाने कंपनीशी करार केला. पैसे आणि रोजगाराच्या बदल्यात कंपनीच्या अर्जांना आडकाठी न करण्याची अट त्यात होती. २०१३ साली मंत्र्याने कलम १८ खाली संमती दिली. कंपनीपुढे खाणीच्या खड्ड्याचे चार पर्याय होते, त्यातले तीन निवाऱ्यांना धक्का न लावणारे होते, हे समाजाला सांगितलंच गेलं नाही. संसदीय चौकशीत ते बाहेर आलं.

मग २०१४ साली, नष्ट होणार त्याआधी वाचवता येईल ते वाचवू म्हणून खोदकाम झालं, आणि त्यात जे निघालं त्याने सगळ्यांचे डोळे विस्फारले. सुमारे ४६,००० वर्षांपासूनच्या वस्तीच्या खुणा. सुमारे सात हजार वस्तू. सुमारे २८,००० वर्षांपूर्वीचं, कांगारूच्या हाडाला टोक काढून केलेलं हत्यार. आणि चार हजार वर्षांपूर्वीचा माणसांच्या केसांच्या वेणीचा तुकडा. त्या केसांचा डीएनए आज हयात असलेल्या समाजाशी जुळला. पूर्वजांचे केस, शब्दशः. पण संमती आधीच दिलेली होती, आणि नवी माहिती आली म्हणून ती पुन्हा तपासण्याची सोय कायद्यात नव्हती.

२०१५ साली फेडरल कोर्टाने या समाजाचं नेटिव्ह टायटल मान्य केलं. म्हणजे पहिला कागद हातात आला. २०१३ च्या सहीवर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. मे २०२० मध्ये समाजाने जुलैतल्या सांस्कृतिक सप्ताहासाठी घळीत जायची परवानगी मागितली, तेव्हा कुठे कळलं की सुरुंग भरायला सुरुवात झाली आहे. वकिलांनी धावपळ केली, केंद्रीय मंत्र्यांच्या कार्यालयाचे फोन खणखणले. भरलेली दारू सुरक्षितपणे काढता येणार नाही, असं कंपनीचं म्हणणं. २४ मे रोजी निवारे उडवले गेले. त्याखालचं खनिज सुमारे ८० लाख टन. कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यासह तिघे बडे अधिकारी पायउतार होणार असं सप्टेंबरमध्ये जाहीर झालं, पण ते भागधारकांच्या आणि लोकांच्या रेट्यामुळे. कायद्याने कुणालाच शिक्षा झाली नाही, होणारही नव्हती, कारण कायदा मोडलाच नव्हता.

याच्या अगदी उलटं चित्र त्याच पिलबरात, समुद्राकाठी मुरुजुगा इथे दिसतं. या द्वीपकल्पावर दहा लाखांहून अधिक कातळशिल्पं असल्याचा अंदाज आहे. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं पाहिलेल्या माणसाला तिथले फोटो बघून हात लावावासा वाटेल. २००३ मध्ये तीन दावेदार गटांनी सरकारशी करार केला, कारखान्यांसाठी नेटिव्ह टायटलवर पाणी सोडलं, आणि न्यायालयानेही तिथे हा हक्क मान्य केला नाही. म्हणजे पहिला कागद कोरा. तरीही करारातूनच उद्योगाबाहेरच्या जमिनीची मालकी मुरुजुगा ॲबोरिजिनल कॉर्पोरेशनकडे आली, ती राष्ट्रीय उद्यान म्हणून सरकारला परत भाड्याने दिली गेली, आणि २०१३ पासून दोघं मिळून ती सांभाळतात. जुलै २०२५ मध्ये मुरुजुगा जागतिक वारसा यादीत गेलं. शेजारचा वायुप्रकल्प २०७० पर्यंत चालवायची मंजुरीही त्याच वर्षी मिळाली. धुराने शिल्पांवर काय परिणाम होतो यावर शास्त्रज्ञांत जुंपलेली आहे, पण प्रकल्पाच्या मंजुरीवरची सही समाजाची नव्हती.

व्हिक्टोरियात तऱ्हा बरी आहे. २००६ च्या कायद्याने तिथे 'नोंदणीकृत ॲबोरिजिनल पक्ष' अशी संस्था निर्माण केली. मोठ्या बांधकामाआधी वारसा-आराखडा करावा लागतो, आणि तो मंजूर किंवा नामंजूर करायचा ही संस्था. नामंजूर केला तर बिल्डरला लवादाकडे जाता येतं, पण पहिली सही तिची. नेटिव्ह टायटल मान्य झालेल्या समाजाने अर्ज केला तर त्याला नोंदवावंच लागतं. इथे दोन कागद टाचणीने जोडले आहेत. शिवाय पहिला नसला तरी दुसरा मिळू शकतो. मेलबर्न शहरात खासगी मालकीमुळे जुना हक्क बहुतेक जागी बुडालाय, तरी यारा नदीपासून दोनशे मीटरच्या आत टॉवर उभारायचा तर बहुधा वुरुंजेरी संस्थेच्या मंजुरीची पायरी चढावी लागते. त्याच राज्यात गुंडिचमारा लोकांची बुज बिम इथली वाम मासे धरायची दगडी चर-बांधांची व्यवस्था आहे, निदान ६,६०० वर्षांपूर्वीची. २००७ ला नेटिव्ह टायटल, २०१९ ला जागतिक वारसा, आणि पर्यटकांना हिंडवून आणणारे वाटाडेही गुंडिचमाराच.

नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात तिसराच कागद आहे, १९७६ चा भूमिहक्क कायदा. तो खरी मालकी देतो, न विकता येणारी, आणि खाणीच्या शोधालाच 'नाही' म्हणण्याचा अधिकारही. उलुरू, म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियातला तो भलामोठा लाल खडक, याच कायद्याखाली २६ ऑक्टोबर १९८५ रोजी आनंगू लोकांना परत मिळाला. त्याच समारंभात त्यांनी तो ९९ वर्षांच्या भाड्याने राष्ट्रीय उद्यानाला दिला, ती अटच होती. मालक आनंगू, मंडळावर बहुमत आनंगूंचं, तरी पवित्र खडकावर चढू नका ही त्यांची विनंती पायथ्याच्या फलकावरच राहिली. चढाई बंद झाली २६ ऑक्टोबर २०१९ रोजी, बरोबर ३४ वर्षांनी.

जूकननंतर पश्चिम ऑस्ट्रेलियाने नवा कायदा केला आणि १ जुलै २०२३ ला लागू केला. ११०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर खणायचं तर नियम लागणार म्हटल्यावर शेतकऱ्यांपासून पर्थच्या उपनगरांपर्यंत ओरड झाली, परसात झाड लावायलाही परवाना लागणार अशा वावड्या उठल्या. पाच-सहा आठवड्यांत सरकारने माघार जाहीर केली. नोव्हेंबरपासून १९७२ चाच कायदा डागडुजी करून परत आला. नवी माहिती कळली तर अर्जदाराने ती कळवायची, आणि नेटिव्ह टायटलवाल्यांनाही आता लवादाकडे दाद मागता येते. संमतीची सही मात्र मंत्र्याकडेच राहिली.

हे दोन कागद एकाच पानावर आलेले पाहायचे असतील तर नॉर्दर्न टेरिटरीतल्या टिंबर क्रीक गावाचा निकाल वाचावा. सरकारने रस्ते, इमारती, टाक्या बांधून नेटिव्ह टायटल बुडवलं, त्याची भरपाई किती, हा प्रश्न न्गालिवुरू आणि नुंगाली लोकांनी लढवला. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आकडा ठरवला: एकूण २५,३०,३५० डॉलर. त्यातले जमिनीच्या हक्काचे ३,२०,२५०. व्याजाचे ९,१०,१००. आणि पूर्वजांच्या वाटेवर काँक्रीट ओतलं गेलं, ती जागा सांभाळायची जबाबदारी आपल्याकडून पार पडली नाही, ही बोच म्हणून १३,००,०००.