मका, चुना आणि टॉर्टिया

बाजारातून मक्याचे पीठ आणायचे, कोमट पाण्यात मळायचे आणि लाटून तव्यावर टाकायचे. घरी टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकोची मक्याची पातळ पोळी, करायला निघालेले बहुतेक जण इथून सुरुवात करतात आणि इथेच अडकतात. पीठ एकजीव होत नाही, कडा फाटतात, उचलताना तुकडे पडतात. कशीबशी भाजली तरी दुमडली की मोडते आणि चव लागते ती मक्याच्या रोटीची. यात हाताचा दोष नाही. टॉर्टियाचे पीठ मुळात कोरडे दळलेले नसतेच. अख्खा मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, त्याच पाण्यात रात्रभर ठेवायचा, धुवायचा आणि ओला वाटायचा. अशा शिजवलेल्या मक्याला मेक्सिकोत 'निश्तामाल' म्हणतात, वाटलेल्या गोळ्याला 'मासा'. चुन्याची ही एक पायरी किमान तीन हजार वर्षे जुनी आहे. मका जगभर गेला तेव्हा ती मागे राहिली आणि त्याचे परिणाम फार वाईट झाले.

मक्याचा पूर्वज म्हणजे 'तेओसिंते' नावाचे रानगवत. त्याच्या कणसात जेमतेम पाच ते बारा दाणे, तेही दगडासारख्या कवचात. दक्षिण मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९००० वर्षांपूर्वी त्याची लागवड सुरू झाली आणि शेतकऱ्यांनी निवडून निवडून त्यातून आजचे कणीस घडवले. चुन्यात मका शिजवल्याचा सर्वांत जुना पुरावा ग्वाटेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावरचा, इ.स.पू. १५०० ते १२०० या काळातला आहे. नाव मात्र नाहुआत्ल, म्हणजे आस्तेकांच्या भाषेतले. 'नेश्तली' म्हणजे राख आणि 'तमाल्ली' म्हणजे मक्याच्या वाटलेल्या पिठाचा उंडा. नावातली राख उगीच आलेली नाही. चुन्याप्रमाणेच लाकडाच्या राखेचे क्षारयुक्त पाणीही हेच काम करते, आणि उत्तर अमेरिकेतल्या अनेक मूलनिवासी जमाती राखच वापरत. पोळीला नाहुआत्लमध्ये 'त्लाश्काल्ली' म्हणत. १५१९ मध्ये आलेल्या स्पॅनिश लोकांनी तिला आपल्या भाषेतले 'टॉर्टिया', म्हणजे छोटी चपटी पोळी, हे नाव दिले. स्पेनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ अंड्याचे जाड ऑम्लेट असा होतो. पाककृती शोधताना हा घोळ लक्षात ठेवावा.

चुना नेमके काय करतो? मक्याच्या दाण्यावरची साल ज्या तंतुमय द्रव्याने चिकटलेली असते ते चुन्याच्या तीव्र अल्कधर्मी पाण्यात विरघळते आणि साल सुटते. सालीचा विरघळलेला भाग चिकट होऊन पिठाला बांधून ठेवतो. दाण्यातला स्टार्च थोडासा फुलतो, पूर्ण शिजत नाही. कोंबातल्या तेलाचा काही भाग बदलून पाणी आणि पीठ एकत्र धरायला मदत करतो. गव्हातले ग्लुटेन मक्यात नाही, त्याची उणीव या सगळ्याने मिळून भरून निघते. ज्वारीच्या पिठाला विरी असेल तर भाकरी थापता येते, विरी गेली की ती तुटते, हे आपल्याकडे प्रत्येक घरात माहीत असते. मक्याला ती विरी चुना देतो. टॉर्टियाचा तो ओळखू येणारा, किंचित मातकट वासही त्यातूनच येतो आणि दाण्यात कॅल्शियम कितीतरी पटीने वाढते.

याहून महत्त्वाचा बदल डोळ्यांना दिसत नाही. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अशा बंधनात असते की ते आतड्याला घेता येत नाही. चुना ते बंधन तोडतो. मेक्सिकोतल्या माणसाने रोज मका खाल्ला तरी त्याला नायसिनची उणीव भासली नाही, कारण मका निश्तामाल होऊन पोटात जात होता आणि जोडीला घेवडाही होता.

कोलंबसानंतर मका स्पेनमध्ये पोचला आणि तिथून दक्षिण युरोपभर पसरला. एकरी भरपूर पिकणारे, स्वस्त धान्य म्हणून गरिबांनी ते उचलले. युरोपात कोरडे धान्य दळणाऱ्या पाणचक्क्या आणि पवनचक्क्या होत्या, त्यामुळे मकाही गव्हासारखाच दळला गेला आणि त्याची लापशी किंवा इटलीतला पोलेंटा झाला. चुन्याची रीत वाटणाऱ्या बायकांच्या हातात होती. बियाणे नेणाऱ्यांनी त्यांना काही विचारले नाही, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

१७३५ मध्ये उत्तर स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या डॉक्टराने गरीब शेतकऱ्यांमधल्या एका नव्या रोगाची नोंद केली. ऊन लागेल तिथली कातडी लाल होऊन सोलवटते, मग जुलाब, मग भ्रम. १७७१ मध्ये इटलीतल्या फ्रांचेस्को फ्रापोली यांनी त्याला 'पेलाग्रा', म्हणजे खरबरीत कातडी, हे नाव रूढ केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत हा रोग साथीसारखा पसरला. तिथल्या गरिबांचे जेवण मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची चरबी एवढेच होते आणि नव्या यंत्रगिरण्या मक्याचा कोंबही काढून टाकत होत्या. १९१४ मध्ये सरकारी आरोग्यसेवेने जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासासाठी पाठवले. सगळे जंतू शोधत असताना त्यांनी जेवणाच्या ताटाकडे पाहिले. अनाथाश्रमांत दूध, अंडी, मांस सुरू करताच रोग हटला. १९१५ मध्ये मिसिसिपीच्या तुरुंगात स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांना मक्याचे निकस जेवण दिल्यावर अकरापैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. अन्नातला नेमका घटक हाती लागला तो १९३७ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनराड एल्वेजेम यांना. तो घटक म्हणजे नायसिन.

आपल्या दख्खनलाही हा रोग अनोळखी नव्हता. ज्वारीवरच भूक भागवणाऱ्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्राचे रुग्ण आढळत. १९६० च्या सुमारास डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत त्याचा अभ्यास केला. ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या जादा प्रमाणाकडे त्यांनी बोट दाखवले. त्या मतावर पुढे बराच वाद झाला. पण एकाच धान्यावर, डाळ-भाजी-दुधाविना दिवस काढणे धोक्याचे, याबद्दल वाद नाही.

मेक्सिकोत परत यायचे तर तिथल्या बायकांच्या कष्टांबद्दल लिहायलाच हवे. निश्तामाल वाटायचा 'मेताते' म्हणजे उतरता, तीन पायांचा दगडी पाटा. गुडघे टेकून, दोन्ही हातांनी वरवंटा पुढे रेटत, एका कुटुंबापुरते वाटायला रोज चार-पाच तास जात. मासा दिवसभरात आंबतो, म्हणून आजचे उद्यावर टाकता येत नसे. यंत्रावर चालणाऱ्या निश्तामालच्या गिरण्या शहरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आल्या. खेड्यांत त्या पोचायला १९२० ते १९४० ची दशके उजाडली आणि राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांच्या राजवटीत (१९३४ ते १९४०) गावच्या महिला मंडळांना गिरण्या देण्यात आल्या. १९४९ मध्ये नुएवो लेओन राज्यातल्या सेराल्वो गावी निश्तामाल वाळवून त्याचे पीठ विकणारा कारखाना सुरू झाला. तीच पुढची 'मासेका'. अशा पिठाला 'मासा आरिना' म्हणतात. पाणी घातले की दहा मिनिटांत मासा तयार. जाणकार चवीत फरक सांगतात आणि फरक आहेच, पण रोजचे ते चार-पाच तास वाचणे ही लहान गोष्ट नव्हती.

घरी करताना

आधी नावांचा गोंधळ दूर करू. भारतात 'कॉर्नफ्लोअर' म्हणून मिळते ती पांढरी पूड म्हणजे मक्याचा निव्वळ स्टार्च. पिवळे 'मक्याचे पीठ' म्हणजे कोरडा दळलेला मका. टॉर्टिया या दोन्हींची होत नाही. मासा आरिना मिळाले तर १०० ग्रॅमला १४० ते १५० मिली कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ घालून मळा, ओल्या फडक्याखाली वीस मिनिटे ठेवा.

मुळापासून करायचे असेल तर अर्धा किलो वाळलेला अख्खा मका घ्या. स्वीट कॉर्न चालत नाही, लाह्यांचा मका फार टणक असतो. बी-बियाण्यांच्या दुकानातला मका कधीही घेऊ नका, त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. धान्याच्या दुकानातला घ्या आणि काळे पडलेले, बुरशी धरलेले दाणे एकेक निवडून टाका. चुना खायचाच हवा, पानाचा साधा, बिनसुगंधी. भिंतीला लावायचा नको. पूड असेल तर ५ ग्रॅम, म्हणजे मक्याच्या एक टक्का. ओला असेल तर चहाचे दोन सपाट चमचे. कोहळ्याच्या पेठ्याला आपण चुन्याची निवळी वापरतो, तशी इथे वरची निवळी घेऊन भागत नाही, सगळा चुना पाण्यात ढवळून घालायचा. पातेले स्टीलचे घ्या. चुना ॲल्युमिनियम खातो आणि मका करडा पडतो.

दीड लिटर पाण्यात चुना कालवून मका घाला. दाणे लगेच गडद पिवळे होतील, तसेच व्हायला हवे. मंद आचेवर उकळी येऊ द्या आणि मग पाणी नुसते हलते राहील इतक्या आचेवर तीस ते चाळीस मिनिटे ठेवा. पाणी डोळ्यांत उडणार नाही एवढे जपा, गरम चुन्याने डोळ्याला गंभीर इजा होते. दाणा चिमटीत चोळला की साल सुटली पाहिजे, आणि चावला तर मधोमध बारीकसा पांढरा कच्चा ठिपका राहिला पाहिजे. हीच सगळ्यात नाजूक वेळ. ठिपका नाहीसा होईपर्यंत शिजवले तर मासा गोंदासारखा होतो आणि दाबताना प्लॅस्टिकचा कागद सोडत नाही. लवकर उतरवले तर भरड राहते आणि कडा फाटतात. गॅस बंद करून झाकण घाला आणि आठ ते बारा तास तसेच ठेवा. कुकरच्या शिट्ट्या देऊन ही वेळ वाचवता येत नाही, कारण चुना आणि पाणी दाण्याच्या आतपर्यंत झिरपायला तेवढा अवधी लागतोच.

सकाळी ते पिवळे पाणी ओतून टाका आणि मका दोन-तीन पाण्यांतून चोळून धुवा. साल शंभर टक्के काढायची नाही, थोडी राहिली तर मासा चांगला बांधतो. धुण्यात आळस केला तर मात्र साबणासारखी कडवट चव येते.

वाटणे हा घरातला खरा अडथळा. मिक्सरला पाणी लागते आणि जास्त पाण्याने मासा सैल होतो. म्हणून एका वेळी एक वाटीच मका, दोन चमचे पाणी, आणि थांबून थांबून फिरवा. पाटा-वरवंटा असेल तर तो उत्तम, मेताते त्याचाच सख्खा भाऊ आहे. सैल झालाच तर मासा सुती फडक्यावर पसरून अर्धा तास ठेवा किंवा त्यात थोडे मासा आरिना मिसळा. अर्ध्या किलो मक्याचा साधारण ९०० ग्रॅम मासा होतो, तीस टॉर्टियांपुरता.

तीस ग्रॅमचा गोळा दोन बोटांत दाबून पाहा. कडेला भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावून मळा, बोटाला चिकटला तर अजून थोडा सुकू द्या. पूर्वी हातावरच थापत. नंतर दोन पाट्यांचे दाबयंत्र आले, आपल्या पुरी दाबायच्या यंत्रासारखेच. प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून तेरा-चौदा सेंटिमीटरची, दोन मिलिमीटर जाडीची चकती दाबा. तवा चांगला तापलेला हवा. पहिली बाजू पंधरा-वीस सेकंद, कडा सुटेपर्यंतच. उलटून पाऊण मिनिट. पुन्हा उलटली की मध्ये फडक्याने हलके दाबा, टम्म फुगते. पहिली बाजू जास्त वेळ ठेवली तर वरचा पापुद्रा वाळतो आणि मग ती फुगत नाही. मेक्सिकोतले मातीचे तवे, म्हणजे 'कोमाल', वापरण्याआधी चुन्याच्या पाण्याने सारवतात, त्यामुळे पीठ चिकटत नाही.

तव्यावरून थेट ताटात वाढू नका. एकावर एक रचून जाड फडक्यात दहा मिनिटे गुंडाळून ठेवा. आतल्या वाफेने त्या मऊ पडतात आणि दुमडल्या तरी मोडत नाहीत. उरलेला मासा फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो, बाहेर उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबतो. शिळ्या टॉर्टिया मेक्सिकोत फेकत नाहीत. त्यांचे त्रिकोणी तुकडे तळून हिरव्या किंवा लाल रश्श्यात क्षणभर मुरवतात आणि वर चीज व कांदा घालतात. त्याला 'चिलाकिलेस' म्हणतात, आणि त्यासाठी कालचीच टॉर्टिया लागते. ताजी तेल पिते आणि रश्श्यात विरघळते.