नान्नजचा माळ : माळढोक अभयारण्याच्या हद्दीची पार्श्वभूमी

सोलापूर-बार्शी रस्त्यावर नान्नजच्या आसपास जो उघडा माळ दिसतो, त्याचा विषय निघाला की दोन आकडे हमखास कानावर येतात : 8,496 आणि 1,222. दोन्ही चौरस किलोमीटरचे. पहिला माळढोक या माळरानावरच्या मोठ्या पक्ष्यासाठी 1979 साली जाहीर झालेल्या अभयारण्याचा, दुसरा हद्द छाटल्यावर उरलेला. ‘पक्षीच राहिला नाही, मग हद्द कशाला?’ असे जिल्ह्यात आता उघड विचारले जाते. हे प्रकरण समजायला पक्ष्याच्या आधी जमीन पाहावी लागते.

खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम आणि मुरमावर वीतभर माती, ही झाली बरड. ओढ्याच्या बाजूला उतरले की तीच माती काळी आणि खोल होते. वर्षाला पाऊस 500 ते 600 मिलिमीटर आणि त्यातला भरवशाचा सप्टेंबरचा. म्हणून इथला शेतकरी खरिपापेक्षा रब्बीवर विसंबला. मालदांडी 35-1 ही ज्वारी मोहोळच्याच संशोधन केंद्रातली. काळ्या रानात ज्वारी, हरभरा, करडई आणि बरडावर कुसळी, पवना, मारवेल हे गवत, अशी ही जुनी वाटणी होती. माळढोकाला दोन्ही लागतात : अंडे घालायला बरड, चरायला रान. टोळ, नाकतोडे, बोरे, हरभऱ्याचे घाटे, भुईमूग, काहीही चालते.

नर 15 किलोपर्यंत भरतो आणि उभा राहिला की मीटरभर उंच दिसतो. मादी बरीच लहान. ती पावसाळ्यात बहुधा एकच अंडे घालते, तेही काडीकचरा न जमवता उघड्या जमिनीवर, आणि सुमारे 27 दिवस एकटीच उबवते. त्या काळात मेंढ्यांचा कळप अंगावर आला, कुत्रे हुंगत आले किंवा कोणी फोटोसाठी जवळ गेले, की ती उठते. मग अंड्यावर ऊन, कावळा, मुंगूस यांपैकी कोणी तरी पोचतेच. म्हणजे एका मादीचे अख्खे वर्ष एका सकाळी वाया जाऊ शकते.

नावाचाही घोळच आहे. ढोक म्हणजे पाणथळीचा, लांब चोचीचा पक्षी. चामढोक त्याच कुळातला. माळढोकाचा त्या कुळाशी काही संबंध नाही. पाय लांब, मान लांब, आणि पाण्याऐवजी माळावर, म्हणून लोकांनी नाव दिले एवढेच. नर विणीच्या दिवसांत गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, त्यावरून पडलेले ‘हूम’ हे नाव जास्त नेमके होते, पण ते आता फारसे कोणी घेत नाही. राजस्थानात तो गोडावण आहे.

इंग्रज साहेबांच्या काळातल्या शिकारीच्या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत, त्या बाजूला ठेवू. इथला खरा इतिहास 1972 च्या दुष्काळापासून सुरू होतो. त्यानंतर अवर्षणप्रवण क्षेत्राचा कार्यक्रम आला आणि सरकारी माळांवर चर खणून, कुंपण घालून, रोपे लावून प्लॉट तयार झाले. हेतू मृद्संधारणाचा आणि चाऱ्या-सरपणाचा होता. पक्ष्याचा विचार त्यात नव्हता. उथळ मुरमात झाडे कशीबशीच धरतात. गवताला मात्र जनावरांचे तोंड दोन पावसाळे लागले नाही की तेवढे पुरते. माळढोक या प्लॉटांत दिसू लागले आणि नान्नजचे नाव पक्षीअभ्यासकांच्या तोंडी आले. पुढे अभयारण्याचा गाभा झाले ते हेच तुकडे.

आता 1979 चा निर्णय. सरकारी माळ सलग नव्हता, मधे सगळी खासगी शेती. पक्षी तर एका तालुक्यातून दुसऱ्यात सहज जाणारा. त्यामुळे तुकडे न मोजता सोलापूर आणि नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांतला सलग मुलूखच अभयारण्य म्हणून जाहीर झाला : 8,496 चौरस किलोमीटर, म्हणजे साडेआठ लाख हेक्टर. पूर्ण सोलापूर जिल्हा सुमारे 14,900 चौरस किलोमीटरचा आणि ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान अवघे 116 चौरस किलोमीटरचे, यावरून अंदाज यावा. गावे, बाजारपेठा, रस्ते, विहिरी सगळे आत. पक्ष्याच्या फिरण्याचा नकाशा म्हणून ही हद्द चुकीची नव्हती. कायद्याची हद्द म्हणून ती पेलण्यासारखी नव्हती.

कारण वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मधले कलम 20. अभयारण्य जाहीर झाले की त्या हद्दीतल्या जमिनीत वारसाने किंवा मृत्युपत्राने येणारा हक्क सोडून नवा हक्क मिळवता येत नाही. सरळ भाषेत, बापाची जमीन मुलाला जाईल, पण शेजाऱ्याच्या नावे खरेदीखत अडेल. यातून सुटायची वाट त्याच कायद्यात आहे. कलम 19 ते 25 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीरनामा काढायचा, दोन महिन्यांत दावे मागवायचे, चौकशी करायची, मग एकेका हक्काबाबत ठरवायचे : जमीन घ्यायची, वगळायची की हक्क चालू ठेवायचा. कुरणाच्या तुकड्यासाठी हे जमते. साडेआठ लाख हेक्टरांवरच्या जमिनीच्या प्रत्येक गटासाठी करायचे तर किती पिढ्या लागतील, हे कोणत्याही तलाठ्याने सांगितले असते. त्यामुळे ते तसेच राहिले.

चटका बसला तो पुढे. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रखडलेली हक्कनिश्चिती वर्षभरात पुरी करा असे राज्यांना बजावले. 2000 मध्ये अभयारण्याची जमीन न्यायालयाला विचारल्याशिवाय वगळायची नाही, असाही आदेश आला. म्हणजे एकीकडे कलमे काटेकोर पाळायची आणि दुसरीकडे चुकलेली हद्द राज्याने स्वतःहून दुरुस्तही करायची नाही. बिगरशेती, मुरमाची खाण, कारखाना, पाझर तलाव, जे काढाल ते ‘अभयारण्यात येते’ या शेऱ्यावर थांबायचे. माळढोक कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या माणसाच्या मनात त्याच्याबद्दल राग भरला तो या वर्षांत. हा राग चुकीचा होता असे म्हणता येत नाही. पण तो उतरला मात्र पक्ष्यावर.

समिती बसली, तपासणी झाली, प्रकरण न्यायालयापुढे गेले आणि 2011-12 च्या सुमारास क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आले. सात हजारांहून जास्त चौरस किलोमीटर सुटले. छाटणी गरजेचीच होती. तक्रार एवढीच की ती वीस वर्षे उशिरा झाली आणि तेवढ्यात माळ आतून बदलला.

1980 मध्ये उजनी धरण पुरे झाले. कालवे, उपसा आणि बोअर यांच्या जोरावर ज्वारीच्या रानात ऊस शिरला, बरडावर डाळिंब आले. खुद्द नान्नज द्राक्षांसाठी नावाजले, सोनाका हा वाण तिथलाच. मुरमाचा निचरा चांगला, ठिबक बसवले की बरडही बागेला चालते. पूर्वी ज्या जमिनीला कोणी विचारत नव्हते तिलाच भाव आला. ऊस पुरुषभर उंच, बागेला तारांचे मांडव. चहूकडे नजर टाकून सावध राहणाऱ्या पक्ष्याला दोन्ही निरुपयोगी. जोडीला विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे बाजूला असतात, उडताना नेमके समोरचे त्याला कमी दिसते आणि अंग जड, त्यामुळे ऐनवेळी वळता येत नाही.

प्लॉटांतही चुका झाल्या. गिरिपुष्पासारखी लवकर वाढणारी झाडे माळावर लावली गेली. हिरवे दिसले, पण खुल्या माळाचे तुकडे झाले. नंतर काही ठिकाणी तीच झाडे काढावी लागली. याचे मूळ महसुली भाषेत आहे. सातबाऱ्यावर अशी जमीन पोटखराब (लागवडीला निरुपयोगी), नाहीतर गायरान किंवा पड. नुसते गवत वाढते आणि तेच तिचे पीक, असा रकानाच नाही. वनाच्छादन मोजतानाही झाडांचा पर्णसंभार 10 टक्क्यांच्या खाली असला की ते वन धरत नाहीत. मग प्रत्येक अधिकाऱ्याला तिथे झाड लावावेसे वाटणारच.

देशभरात मिळून माळढोक आता दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी, बहुतेक जैसलमेरकडे. तिथे 2019 पासून अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम चालू आहे. नान्नजला एखादा दिसला तरी बातमी होते. 2020 मध्ये अभयारण्याभोवती 400 मीटरपर्यंतचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला आणि हद्दीच्या वादाला नवे पान जोडले गेले. माळ मात्र ओस नाही. काळवीट आहेत, लांडगा आणि खोकड आहेत, पखुर्ड्या, धाविक, चंडोल आहेत, दगडाखाली फुरसे आहे. हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी उतरतात आणि रात्री गवतात जमिनीवरच बसून झोपतात. त्यांना गुडघाभर गवत लागते, काळविटाला आणि धाविकाला आखूड. म्हणून एकाच वेळी सगळा प्लॉट कापून चालत नाही आणि वर्षानुवर्षे कुंपणात बंद ठेवूनही चालत नाही. पट्टे पाडून आळीपाळीने कापावा लागतो, तोही बी झडल्यावर आणि फेब्रुवारीच्या वणव्याआधी जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढून.