एन्टर दाबून परिच्छेद होत नाही

नोटपॅड उघडा. एक शीर्षक लिहा, दोन ओळी मोकळ्या सोडा आणि खाली दोन परिच्छेद नीटनेटके टाइप करा. फाइलच्या नावाच्या शेवटी डॉट एचटीएमएल (एचटीएमएल म्हणजे वेब पेज लिहिण्याची भाषा) लावून ती सेव्ह करा आणि ब्राउझरमध्ये उघडा. शीर्षक, परिच्छेद, मोकळ्या ओळी, सगळं एकमेकांत मिसळून सलग मजकूर दिसेल. वेब पेज शिकायला बसणाऱ्याला मी आधी हेच करून पाहायला सांगतो. टॅग, म्हणजे मजकुरातला कुठला भाग काय आहे हे ब्राउझरला सांगणाऱ्या खुणा, कशाला हवेत, हे दुसऱ्या कशानेही इतक्या लवकर पटत नाही.

एन्टर असो की लागोपाठ दिलेल्या दहा स्पेस, ब्राउझर त्या सगळ्याला एकाच स्पेसएवढी किंमत देतो. मोकळी जागा दिसली की नवा परिच्छेद सुरू झाला हे आपल्याला कळतं, त्याला सांगावं लागतं. परिच्छेद सुरू होतो तिथे कोनी कंसात पी हे अक्षर लिहायचं. संपतो तिथे पुन्हा तेच, फक्त पीच्या आधी एक तिरपी रेघ. पहिला उघडणारा टॅग, दुसरा बंद करणारा. हे दोन टॅग आणि मधला मजकूर मिळून झाला एक एलिमेंट.

बंद करायचं राहून गेलं तर? परिच्छेदाचं फारसं बिघडत नाही. पुढचा सुरू झाला म्हणजे आधीचा संपला, हे ब्राउझर समजून घेतो. स्ट्राँग टॅग उघडा राहिला, तर मात्र एका शब्दापुरता हवा असलेला ठळकपणा पार पानाच्या तळापर्यंत जातो. एरर वगैरे काही दिसत नाही. अशा वेळी मजकुराचं रूप जिथे बदललं, तिथून मागे जात चूक शोधायची. टॅगच्या आत टॅग असेल तर शेवटी उघडलेला आधी बंद करायचा, डब्यात डबा ठेवतो तसं. चित्राचा आयएमजी आणि ओळ तोडणारा बीआर यांच्या पोटात मजकूर नसतोच, म्हणून त्यांना बंद करणारा टॅगही नसतो.

इथवर नवशिके भराभर येतात. घोटाळा होतो शीर्षकांत. एच1 ते एच6 अशा त्यांच्या सहा पातळ्या. एच1ची अक्षरं मोठी दिसतात, म्हणून मोठी अक्षरं हवी तिथे एच1 टाकला जातो आणि खरं शीर्षक साध्या परिच्छेदात ठळक करून लिहिलं जातं. डोळ्यांना फरक जाणवत नाही. पण स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणारा दृष्टिहीन वाचक एक कळ दाबत या शीर्षकावरून त्या शीर्षकावर जात पान चाळतो, आणि नुसतं ठळक केलेलं शीर्षक त्याच्या वाटेत लागतच नाही. टॅगने सांगायचं ते हे काय आहे, एवढंच. ते दिसावं कसं, हे सीएसएसचं, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या वेगळ्या भाषेचं काम. एचटीएमएलमध्ये सगळ्यात जास्त वेळ मी यावरच घालवायला सांगेन, कारण ही सवय नंतर लागत नाही.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत काम करताना 1991 मध्ये टॅगची पहिली यादी मांडली, तेव्हा त्यात जेमतेम 18 टॅग होते. शीर्षकं, परिच्छेद, याद्या यांच्या खुणा सर्नमधल्या कागदपत्रांसाठी आधीपासूनच वापरात होत्या. खरा नवा होता तो ए, म्हणजे अँकरचा टॅग. त्यात एचरेफ लिहून दुसऱ्या पानाचा पत्ता दिला, की शब्दावर क्लिक करून थेट तिथे जाता येतं. वेबचं जाळं या एका टॅगने विणलं आहे. चित्राचा टॅग त्या यादीत नव्हता. तो 1993 मध्ये मोझॅक हा ब्राउझर बनवणाऱ्या मार्क अँड्रीसन यांनी सुचवला.

जगातलं पहिलं संकेतस्थळ सर्नमध्येच तयार झालं; ते सर्नने पुन्हा उपलब्ध केलं आहे आणि आजच्या ब्राउझरमध्ये ते व्यवस्थित वाचता येतं. संगणकावर उघडून कंट्रोल आणि यू या कळा एकत्र दाबा. पानामागचं एचटीएमएल उघडेल आणि एच1, पी, ए, सगळे ओळखीचे टॅग दिसतील. बारकाईने पाहिलंत तर पी तिथेही बंद केलेला नाही.